डिस्कचे शंभर आणि फायबरचे शंभर

शहापूरहून किन्हवलीकडे जाताना वाटेत शेणवा लागते. त्या परिसरातील एका शाळेत माझा एक जुना विद्यार्थी विज्ञान शिकवतो. जून महिन्यातील एका संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाजात घाई होती.

"सर, एक भागाकार बरोबर आहे का तेवढं सांगा."

भागाकाराची हकीकत अशी. शाळेची जुनी दाखल-खारीज रजिस्टरे वाळवीने खाल्ली होती. पण ती खाल्ली जाण्यापूर्वी कोणा दूरदर्शी शिक्षकाने त्यांची ४५० पाने स्कॅन करून शाळेच्या संगणकात ठेवली होती. संगणक वीस-एक वर्षांपूर्वीचा. गावातील एका मुलीला पुढच्या शिक्षणासाठी जातवैधता प्रमाणपत्र हवे होते आणि त्यासाठी तिच्या आजोबांची शाळाप्रवेशाची नोंद. ती नोंद आता कागदावर नव्हती, फक्त त्या हार्ड डिस्कवर होती. मुलीचा मामा ठाण्याला. त्याच्याकडे पान पोहोचले की तो दुसऱ्या दिवशी सकाळी कागद दाखल करणार होता. आमच्या गुरुजींनी विचार केला, एक पान पाठवायचे तर सगळीच पाने पाठवून ठेवू. म्हणून त्यांनी संगणकाची पेटी पोत्यात बांधून शेणवा नाक्यावरच्या एका दुकानात नेली. दुकानात फायबरची जोडणी होती.

"सर, डिस्कवर 'अल्ट्रा एटीए १००' लिहिलंय. दुकानदार म्हणतात, लाइनही शंभरची आहे, जाताना शंभर, येताना शंभर. माल अठरा हजार मेगाबाइट. भागिले शंभर, एकशेऐंशी सेकंद. तीन मिनिटांत होईल ना? माझी शेवटची गाडी साडेपाचला आहे."

"आत्ता किती वाजले?"

"पाच वाजून दहा."

"मुलीचं पान आधी पाठव. बाकीच्या पानांचं मग बोलू."

मित्रांनो, गुरुजींचा भागाकार अंकगणित म्हणून अगदी बरोबर होता. मग मी तसे का सांगितले? तो प्रश्न आपण आज सोडवू या. वही-पेन्सिल घेऊन बसाल तर बरे.

धरणाच्या पाण्याचा हिशेब

आधी संगणक बाजूला ठेवू आणि पाण्याकडे वळू. शहापूर तालुक्यात भातसा धरण आहे. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले की नदीकाठच्या गावांना इशारा मिळतो तो 'इतके क्युसेक पाणी सोडले' असा. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. आता मुंबईच्या वर्तमानपत्रात पाहा. त्याच धरणाचे पाणी तेथे 'दशलक्ष लिटर प्रतिदिन' या मापात येते. पाणी तेच आणि वाहणेही तेच, पण संख्या वेगळ्या. एक घनफूट म्हणजे २८.३२ लिटर. एका दिवसात ८६,४०० सेकंद. म्हणून १ क्युसेक म्हणजे दिवसाला सुमारे २४.५ लाख लिटर, अर्थात २.४५ दशलक्ष लिटर. तेव्हा '१०० क्युसेक' आणि '१०० दशलक्ष लिटर प्रतिदिन' यांतला मोठा प्रवाह कोणता, हे तुम्ही आता चटकन सांगाल. (या धरणांच्या तालुक्यातील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तो हिशेब मात्र कोणत्याच मापात बसत नाही.)

माहितीच्या प्रवाहाचेही असेच आहे. माहितीचा सर्वांत लहान कण म्हणजे 'बिट'. तो शून्य असतो किंवा एक. आठ बिटांचा एक 'बाइट'. हार्ड डिस्क बनवणारे लोक वेग मोजतात सेकंदाला किती मेगाबाइट असा. तारेचे आणि प्रकाशतंतूचे लोक मोजतात सेकंदाला किती मेगाबिट असा. म्हणून

डिस्कचे १०० = १०० मेगाबाइट = ८०० मेगाबिट, दर सेकंदाला
फायबरचे १०० = १०० मेगाबिट = १२.५ मेगाबाइट, दर सेकंदाला

दोन्ही शंभरांमध्ये आठ पटींचा फरक पडला. माल १८,००० मेगाबाइट, म्हणजे १,४४,००० मेगाबिट. त्याला १०० ने भागा. १,४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटे. पाच-दहाला सुरू केले तरी पाच-चौतीसला संपणार. गाडी गेलेली!

या गोंधळाचा दोष सगळाच गुरुजींवर टाकू नका. इंग्रजीत बाइटसाठी मोठ्या लिपीतला 'बी' आणि बिटसाठी लहान लिपीतला 'बी' लिहिण्याचा संकेत आहे. आपण मराठीत 'एमबी' लिहितो तेव्हा लहान-मोठा हा भेदच उरत नाही, कारण देवनागरीत तशी अक्षरेच नाहीत. जाहिरातदारांना त्याचे दुःख होत असेल असे मला वाटत नाही. म्हणून माझे सांगणे असे, की मराठीत लिहिताना 'मेगाबिट' आणि 'मेगाबाइट' हे शब्द पूर्ण लिहावेत. चार अक्षरे जास्त लागतात, पण आठ पटींची चूक वाचते.

डिस्क बाइट का मोजते आणि तार बिट का मोजते?

हा निव्वळ सवयीचा प्रश्न नाही. त्यामागे यंत्राची रचना आहे.

जुन्या संगणकाची पेटी उघडून पाहिलीत तर हार्ड डिस्कपासून एक रुंद, चपटी, पट्टीसारखी केबल निघालेली दिसेल. तिच्या टोकाला ४० टाचण्यांची जोडणी असते. या पद्धतीला आयडीई किंवा एटीए म्हणतात. त्या ४० पैकी १६ टाचण्या माहितीच्या. म्हणजे एका ठोक्याला १६ बिट, अर्थात २ बाइट, खांद्याला खांदा लावून एकदम निघतात. सोळा जणांची रांग एकाच वेळी दारातून बाहेर पडावी तसे. अशा ठिकाणी बाइटांत मोजणे साहजिकच आहे. हिशेबही सोपा होतो. 'पीआयओ मोड ४' या पद्धतीत दोन ठोक्यांमधले अंतर १२० नॅनोसेकंद असते. एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. १२० नॅनोसेकंदांत २ बाइट, तर एका सेकंदात किती? त्रैराशिक मांडा. उत्तर येईल १६.७ मेगाबाइट. 'अल्ट्रा एटीए १००' मध्ये हेच अंतर २० नॅनोसेकंदांवर आणले, म्हणून तेथे १०० मेगाबाइट. नावातला आकडा आकाशातून पडलेला नाही.

प्रकाशतंतूत मात्र केसाएवढ्या काचेच्या धाग्यातून प्रकाशाचे ठिपके एकामागून एक धावतात. तेथे रांग नाही, एकेरी पायवाट आहे. एक ठिपका, एक बिट. म्हणून मोजणी बिटांत.

मग तुम्ही विचाराल, सोळा जण एकदम जाणारा रस्ता सोडून जगाने एकेरी पायवाट का धरली? त्याचे उत्तर त्या चपट्या केबलमध्येच आहे. शेजारशेजारच्या तारांत वेगाने बदलणारे विद्युत्प्रवाह वाहू लागले की एका तारेतील बदलाचा परिणाम शेजारच्या तारेवर होतो. विद्युत्चुंबकीय प्रवर्तन तुम्ही दहावीला शिकताच. शिवाय सोळा बिट एकदम निघाले तरी सगळे अगदी एका क्षणी पोहोचत नाहीत. कोणी किंचित मागे राहतो. ठोके जितके जवळजवळ, तितका हा 'किंचित' महागात पडतो. त्यामुळे सेकंदाला ३३ मेगाबाइटांच्या पुढे जाताना केबलमध्ये ४० ऐवजी ८० तारा घालाव्या लागल्या. टाचण्या ४० च. वाढलेल्या ४० तारांतून माहिती जातच नाही! त्या जमिनीला जोडलेल्या असतात आणि दोन बोलक्या तारांच्या मध्ये पोलिसासारख्या उभ्या राहतात. तरीही केबलची लांबी १८ इंचांपलीकडे नेता येत नसे. अखेर २००३ च्या सुमारास साटा ही पद्धत आली आणि डिस्कनेही एकामागून एक बिट पाठवण्याचा मार्ग पत्करला. गंमत अशी की १९८० साली आलेली वैयक्तिक संगणकांसाठीची पहिली छोटी हार्ड डिस्क, एसटी-५०६, हिचा वेग मेगाबिटांतच सांगत, सेकंदाला ५ मेगाबिट. वर्तुळ पुरे झाले म्हणावयाचे.

टेलिफोनचा वारसा

प्रकाशतंतूच्या वेगाच्या संख्या विचित्र दिसतात. १५५.५२, ६२२.०८, २४८८.३२ असल्या. या आल्या कोठून? येथे थोडा इतिहास सांगतो, आणि तो आपल्या महाराष्ट्रातूनच सुरू होतो. भारतात स्थानिक टेलिफोन केंद्रांना जोडणारी पहिली प्रकाशतंतू यंत्रणा १९७९ साली पुण्यात सुरू झाली. त्या वेळी या धाग्यांवर आजच्यासारखी चित्रे आणि चलच्चित्रे धावणार नव्हती. जावयाचे होते ते माणसांचे बोलणे.

टेलिफोनवरील आवाजाची कंपने सेकंदाला ४,००० पेक्षा कमी ठेवतात. अशा आवाजाची नक्कल नीट उतरायची तर सेकंदाला त्याच्या दुप्पट, म्हणजे ८,००० वेळा त्याचे माप घ्यावे लागते. प्रत्येक माप ८ बिटांत लिहिले, की एका संभाषणाला लागतात ६४,००० बिट दर सेकंदाला. हे ८,००० टेलिफोनच्या यंत्रणेचे हृदयाचे ठोकेच समजा. पुढे मोठमोठ्या प्रकाशतंतू यंत्रणा आल्या तरी ठोका तोच राहिला. 'एसटीएम-१' या नावाच्या पद्धतीत दर ठोक्याला बाइटांचा एक तक्ता पाठवतात. आडवे ९ ओळी, उभे २७० स्तंभ. ९ गुणिले २७० बरोबर २,४३० बाइट. गुणिले ८ बिट, गुणिले ८,००० ठोके. करून पाहा. १५,५५,२०,००० बिट, म्हणजेच १५५.५२ मेगाबिट. ती विचित्र संख्या हीच! तिची चौपट ६२२.०८ आणि सोळापट २४८८.३२. आज घराघरांत फायबर आणणाऱ्या 'जीपॉन' पद्धतीचा खाली येणारा वेग हाच २४८८.३२ मेगाबिट आहे. ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूने जोडण्याच्या योजनेला केंद्र सरकारने २०११ साली मंजुरी दिली, पुढे तिचे नाव भारतनेट झाले. तिच्यातही जीपॉन वापरले आहे. म्हणजे गावातल्या मुलाने आज मोबाइलवर क्रिकेटचा सामना पाहिला, तरी त्यामागच्या यंत्रणेचे ठोके जुन्या टेलिफोनच्या तालावर पडत असतात.

आता एक कोडे घालतो. आमच्या महाविद्यालयात मी ते दरवर्षी घालतो आणि दरवर्षी निम्मा वर्ग फसतो. मोठ्या संगणकांत पूर्वी 'स्कझी' नावाची डिस्कची जोडणी असे. तिच्या 'फास्ट वाइड' प्रकाराचा वेग २०. एसटीएम-१ चा वेग १५५. मोठा कोण?

स्कझीचे २० मेगाबाइट, म्हणजे १६० मेगाबिट. एसटीएमचे १५५.५२ मेगाबिटच. वीस हे दीडशेहून मोठे निघाले! शिवाय एसटीएमच्या २७० स्तंभांपैकी पहिले ९ स्तंभ यंत्रणेच्या स्वतःच्या कारभारासाठी राखलेले असतात. उरले २६१. त्यांचा हिशेब १५०.३ मेगाबिट. बाइटांत सांगायचे तर १८.८ मेगाबाइट.

पोत्याचे वजन आणि धान्याचे वजन

वरच्या उदाहरणात एक नवी गोष्ट हळूच आत आली. बाजारात धान्य तोलताना आपण पोत्याचे वजन वजा करतो. माहितीच्या प्रवाहातही पोते असते, आणि ते वजा केल्याशिवाय खरा वेग कळत नाही.

साटाचे उदाहरण घ्या. तिचा वेग १.५ गिगाबिट, म्हणजे १,५०० मेगाबिट. आठने भागले की १८७.५ मेगाबाइट येतात. पण तिच्या माहितीपत्रकात १५० च लिहिलेले असते. मधले साडेसदतीस कोठे गेले? साटामध्ये दर ८ बिटांच्या जागी १० बिट पाठवतात. कारण असे, की एकापाठोपाठ खूप शून्ये किंवा खूप एक आले तर घेणाऱ्याला ठोका कोठे पडला हे कळेनासे होते. दोन बिट जास्त घालून शून्य-एकची सरमिसळ कायम ठेवतात. तेव्हा साटासाठी आठने भागू नका, दहाने भागा. सगळीकडे आठनेच भागायचे असे पाठ करणारा विद्यार्थी येथे हटकून चुकतो. उलट जीपॉनमध्ये सरमिसळीची युक्ती वेगळी आहे, तिला जादा बिट लागत नाहीत, म्हणून तेथे दहाने भागणे चूक.

शेणव्याच्या दुकानातली तार इथरनेट पद्धतीची होती. तिच्यात माहिती गाठोडी बांधून जाते. एका गाठोड्यासाठी तारेवर १,५३८ बाइटांइतकी जागा लागते. त्यातून पत्ता, तपासणीचे अंक, गाठोड्यांमधली मोकळी जागा असे सगळे वजा केले की खरी माहिती राहते १,४६० बाइट, म्हणजे सुमारे ९५ टक्के. १०० मेगाबिटांचे राहिले ९५ मेगाबिट, म्हणजे सेकंदाला ११.९ मेगाबाइट. आपली २४ मिनिटे आता सव्वापंचवीस झाली.

आणखी एक बारीक फरक आहे, तो लवकर सांगून टाकतो. तारेचे आणि प्रकाशतंतूचे लोक 'मेगा' म्हणजे बरोबर दहा लाख मानतात. संगणकाच्या स्मृतीचे लोक दोनच्या घातांत मोजतात आणि १,०२४ ला 'किलो' म्हणत आले. म्हणून बनवणाऱ्याने ४० गिगाबाइट म्हणून विकलेली डिस्क संगणक ३७.२५ दाखवतो. चोरी झालेली नसते. जुन्या फ्लॉपीने तर कहरच केला. तिचे '१.४४ मेगाबाइट' म्हणजे १.४४ गुणिले १,००० गुणिले १,०२४ बाइट! एकाच संख्येत दोन्ही मापे. हा फरक मेगाला ५ टक्के आणि गिगाला ७ टक्के भरतो. आठ पटींच्या चुकीपुढे तो लहान आहे, म्हणून आधी बिट-बाइट पाहावे, मग ही बारीकी.

साखळीतला सर्वांत अरुंद दुवा

आता पुन्हा दुकानात जाऊ. मुलीचे पान पाठवायला सांगितले होते. एक पान ४० मेगाबाइटांचे. (एवढे मोठे कसे? रजिस्टरचे पान १० इंच रुंद, १५ इंच लांब. दर इंचाला ३०० ठिपके. म्हणजे ३,००० गुणिले ४,५००, एक कोटी पस्तीस लाख ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला ३ बाइट. स्कॅन करणाऱ्याने चित्रे दाबून लहान केली नव्हती.) आपल्या हिशेबाने ११.९ मेगाबाइटांच्या वेगाने त्याला साडेतीन सेकंद लागायला हवे होते. लागले तेरा-चौदा.

"सर, फायबर खराब आहे," गुरुजी म्हणाले.

मी म्हटले, "घाई करू नकोस. दहा पानं पाठव आणि घड्याळ लाव."

दहा पानांना २ मिनिटे १४ सेकंद लागली. ४०० मेगाबाइट भागिले १३४ सेकंद. सेकंदाला जेमतेम ३ मेगाबाइट, म्हणजे २४ मेगाबिट. या वेगाने सगळी पाने जायला शंभर मिनिटे लागली असती. फायबरची एक चतुर्थांश रुंदीसुद्धा वापरात नव्हती. मग अडले कोठे?

माहितीचा प्रवास साखळीसारखा असतो. तबकडी, तिची केबल, संगणक, तार, प्रकाशतंतू. सर्वांत अरुंद दुवा जो असेल, त्याचाच वेग सगळ्या साखळीला मिळतो. धरणातून कितीही पाणी सोडा, घरातल्या नळाची तोटी अर्ध्या इंचाची असेल तर बादली आपल्या वेळेनेच भरणार. 'अल्ट्रा एटीए १००' हा फक्त केबलचा जास्तीत जास्त वेग आहे. त्या काळच्या अशा डिस्कची तबकडी फिरता फिरता सेकंदाला ३० ते ५० मेगाबाइटच वाचून देते. तेवढे मिळाले असते तरी फायबरला पुरून उरले असते. पण मिळत होते ३.

याचे कारण मला ओळखीचे वाटले. त्या काळच्या विंडोज एक्सपी या प्रणालीत एक सोय आहे. केबलवरून माहिती पुन्हा पुन्हा चुकीची येऊ लागली, तर ती वेगवान पद्धत सोडून पायरी-पायरीने खाली उतरते आणि शेवटी पीआयओ पद्धतीवर येते. पीआयओमध्ये प्रत्येक दोन बाइट मुख्य प्रक्रियक स्वतः उचलून नेतो. तहसीलदाराने प्रत्येक टपाल स्वतः गावोगावी वाटत फिरावे तसे. कागदावर तिचा वेग १६.७ असला तरी प्रत्यक्षात त्याच्या बराच खाली राहतो. आणि एकदा खाली उतरलेली ही प्रणाली आपण होऊन वर चढत नाही.

"पेटी उघडता येईल का? केबल बघ."

केबल निघाली ४० तारांची. केव्हातरी दुरुस्तीच्या वेळी कोणीतरी ८० तारांच्या केबलच्या जागी ती बसवली असावी, आणि पोत्यातून येताना तिला एका जागी घडीही पडली होती. दुकानदार जुन्या सामानाचा माणूस. त्यांनी खोक्यातून ८० तारांची एक केबल शोधून काढली, ती बसवली, संगणकाच्या यंत्रसूचीतून त्या जोडणीची नोंद पुसून संगणक पुन्हा सुरू केला. पुढची दहा पाने ३५ सेकंदांत गेली. आता अरुंद दुवा फायबरची लाइन होता, जसा तो असायला हवा होता.

या सगळ्यात साडेपाचची गाडी निघून गेली. उरलेल्या ४२९ पानांना सुमारे पंचवीस मिनिटे लागली. दुकानदारांनी गुरुजींना रात्री मोटारसायकलवरून घरी सोडले. मुलीचे पान मात्र पहिल्या चौदा सेकंदांतच ठाण्याला जाण्याच्या वाटेला लागले होते. तबकडी केव्हा दगा देईल याचा भरवसा नसताना जे सर्वांत गरजेचे ते आधी काढावे, एवढ्यासाठीच मी ते सांगितले होते.

वेग म्हणजे नक्की काय?

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी मला एक छान प्रश्न विचारला. "सर, फायबरमध्ये प्रकाशच धावतो ना? मग प्रकाशाच्या वेगाने सगळं क्षणात का पोहोचत नाही?"

काचेत प्रकाशाचा वेग निर्वातापेक्षा कमी, सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर असतो. १०० किलोमीटरचा धागा घेतला तर पहिला ठिपका अर्ध्या मिलिसेकंदात पलीकडे पोहोचतो. पण आपल्याला एक ठिपका पाठवायचा नव्हता, १,४४,००० मेगाबिट पाठवायचे होते. पहिला किती लवकर पोहोचला हा एक प्रश्न, आणि एकामागून एक किती भराभर सुटतात हा दुसरा. मेगाबिट मोजतात ते या दुसऱ्याचे. जत्रेला जाणारी पहिली गाडी वीस मिनिटांत पोहोचेल, पण सगळे गाव पोहोचायला गाड्या किती आणि किती किती वेळाने सुटतात हे पाहावे लागते.

हा फरक ध्यानात आला की एक गमतीदार हिशेब करता येतो. समजा गुरुजींनी काहीच न पाठवता ती ४० गिगाबाइटची डिस्क पूर्ण भरून पिशवीत घातली आणि एस.टी.त बसून ४० मिनिटांत शहापुरी उतरले. ४०,००० मेगाबाइट भागिले २,४०० सेकंद. सेकंदाला १६.७ मेगाबाइट, म्हणजे १३३ मेगाबिट! आपली लाल गाडी १०० मेगाबिटांच्या फायबरला मागे टाकते. मात्र त्या गाडीतला पहिला बिटसुद्धा ४० मिनिटांनीच पोहोचतो. मुलीच्या एका पानासाठी ही गाडी निरुपयोगी.

शिक्षकांनी वर्गात लिहून देण्यासाठी काही रूपांतरे येथे देतो. सर्व वेग दर सेकंदाचे आहेत.

पीआयओ मोड ४ : १६.७ मेगाबाइट : १३३ मेगाबिट
अल्ट्रा एटीए ३३ : ३३.३ मेगाबाइट : २६७ मेगाबिट
अल्ट्रा एटीए १०० : १०० मेगाबाइट : ८०० मेगाबिट
साटा १.५ (पोते वजा करून) : १५० मेगाबाइट : १,२०० मेगाबिट
एसटीएम-१ (पोते वजा करून) : १८.८ मेगाबाइट : १५०.३ मेगाबिट
जीपॉन, खाली येणारा : ३११ मेगाबाइट : २,४८८ मेगाबिट

शेवटच्या ओळीवरून हुरळून जाऊ नका. जीपॉनचा एक धागा पुढे काचेच्या विभाजकातून अनेक घरांना वाटलेला असतो. ३२ घरांनी एकाच वेळी पूर्ण ओढ घेतली तर प्रत्येकाच्या वाट्याला ७७.७६ मेगाबिटच येतील. सगळे एकदम ओढत नाहीत, या भरवशावर शंभराची जाहिरात चालते.

सोडवून पाहा

१. सीडीचा मूळ वेग सेकंदाला ७५ खंड, प्रत्येक खंडात २,०४८ बाइट. '५२ पट' लिहिलेला सीडी वाचक आपल्या कमाल वेगाने चालला तर १०० मेगाबिटांची लाइन भरून टाकील का?

२. 'अल्ट्रा-१६०' स्कझीचा वेग १६० मेगाबाइट. अशा किती जोडण्या पूर्ण वेगाने चालल्या तर एसटीएम-१६ ची लाइन अपुरी पडेल?

३. ६४ गिगाबाइटचा पूर्ण भरलेला पेन ड्राइव्ह एस.टी.ने ४० मिनिटांत पोहोचला. तेथे तो सेकंदाला २५ मेगाबाइट या वेगाने उतरवून घेतला. प्रवास आणि उतरवणे मिळून सरासरी वेग किती मेगाबिट पडला? फायबरचे शंभर मोठे की हे?

उत्तरे : (१) नाही, सुमारे ६३.९ मेगाबिट. (२) दोन. (३) सुमारे १०३.२ मेगाबिट. पोते वजा न करतासुद्धा गाडी थोडक्यात पुढे. पण पेन ड्राइव्ह भरायला लागलेला वेळ यात धरलेला नाही. तो धरून पुन्हा एकदा हिशेब करा.